विमानतळाचे वाचन

परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे जाण्याचे योग आता आपल्या समाजातील पुष्कळ घरांत येऊ लागले आहेत. पारपत्र निघते, व्हिसा मिळतो, लाडवांचे डबे भरले जातात; आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या तोंडून हलकेच प्रश्न येतो, “मध्ये विमान बदलायचे आहे म्हणे. तिथे मी चुकले तर?” बहुतेक मुले या प्रश्नावर एकच तोडगा काढतात. तिकिटाबरोबर चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवून ती मोकळी होतात.

ज्यांचे गुडघे वा हृदय साथ देत नाही, त्यांच्यासाठी ही सोय वरदानच होय. परंतु धडधाकट माणसेही केवळ भाषेच्या भयाने त्या खुर्चीत बसू लागली आहेत, आणि खऱ्या गरजूंना ताटकळत राहावे लागते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

आमच्या खेरडीजवळच्या एक परिचित भगिनी अंगणवाडीत आयुष्य वेचून निवृत्त झालेल्या. रोज दोन कोस सहज चालणाऱ्या. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या एकट्या निघाल्या. वाटेतील एका मोठ्या विमानतळावर खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने त्यांना एका कोपऱ्यात नेऊन ठेवले आणि ‘येतो’ अशी खूण करून तो निघून गेला. पुढचे तीन तास त्या जागच्या हलल्या नाहीत. पिण्याच्या पाण्याचा नळ वीस पावलांवर दिसत होता. पण आपण उठलो आणि तेवढ्यात तो माणूस येऊन गेला तर, या धास्तीने घसा कोरडा पडला तरी त्या बसून राहिल्या. विमान मिळाले, नातवाचे मुखही पाहिले. परंतु पुढे दूरध्वनीवर त्या आम्हांस म्हणाल्या, “गुरुजी, मी सामानासारखी गेले.” हे वाक्य आमच्या मनातून जाईना.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही सपत्नीक दुबईमार्गे लंडनला जाऊन आलो. आमचाही तो पहिलाच परदेशप्रवास. दुबईचा विमानतळ म्हणजे एक नगरच! २०२४ साली तेथून ९ कोटी २३ लाख प्रवाशांनी ये-जा केली. २००८ साली उघडलेले तिसरे टर्मिनल इतके विस्तीर्ण आहे की त्याच्या काही विभागांमध्ये जाण्यासाठी चालकाविना धावणारी गाडी आहे. असे असूनही या नगरात वाट चुकणे अवघड आहे, असे आमचे मत झाले. कारण ते संपूर्ण नगर पाट्यांवर चालते.

मात्र एक गोष्ट आधीच ठाऊक असावी. वापी स्थानकावर आपण घोषणेकडे कान लावून बसतो. दुबईत विमानांच्या घोषणा सहसा होत नाहीत. तेथे डोळ्यांनीच ऐकावे लागते. हे माहीत नसलेला मनुष्य ‘बोलावतील तेव्हा जाऊ’ म्हणून निश्चिंत बसतो आणि त्याचे विमान निघून जाते.

विमानातून उतरल्यावर गर्दीमागे जाऊ नये. गर्दीतील पुष्कळजण त्याच शहरी राहणारे असतात आणि ते बाहेर पडण्याच्या वाटेने जातात. विमान बदलणाऱ्याने ‘कनेक्शन’ वा ‘ट्रान्सफर’ या शब्दाचा बाण धरावा. पुढे हातातील सामानाची पुन्हा तपासणी होते. त्यानंतर मोठ्या फलकावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधावा. गावाचे नाव पाहून थांबू नये, कारण एकाच गावाला अनेक विमाने जातात. त्या क्रमांकासमोरील अक्षर व अंक हे आपले गेट. बोर्डिंग पासवर छापलेले गेट ऐन वेळी बदलू शकते, म्हणून फलक हाच प्रमाण मानावा.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पासवरील वेळ त्या त्या गावची असते. दुबईचे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे आहे. तेथे भारतीय वेळेचे मनगटी घड्याळ केवळ घाबरवते. सिंगापूरचे मात्र अडीच तास पुढे आहे, आणि तेथे तेच घड्याळ विमान चुकवते! गेटही विमान सुटण्यापूर्वी काही वेळ बंद होते, हे ध्यानी असावे. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असल्यास मोठ्या पेट्या सामान्यतः परस्पर पुढे जातात; अमेरिकेत पुढचे विमान धरावयाचे असल्यास मात्र तेथील पहिल्या विमानतळावर त्या ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात.

त्या भगिनींनी परतीच्या प्रवासापूर्वी आमचा सल्ला विचारला, तेव्हा आम्ही त्यांना मुलीकडून एक कागद मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावयास सांगितले. त्यावर दुसऱ्या विमानाचा क्रमांक, ते सुटण्याची स्थानिक वेळ, ‘कनेक्शन’ हा शब्द इंग्रजीत व त्याखाली देवनागरीत, आणि मुलीचा दूरध्वनी क्रमांक एवढेच होते. गेटची जागा कोरी ठेवली होती. ती त्यांनी फलक पाहून स्वहस्ते भरायची. त्यांनी खुर्ची नाकारली. कागदावरील आकडे आणि फलकावरील आकडे ताडून पाहत त्या गेटपाशी पोहोचल्या, तेव्हा विमानाला दीड तास अवकाश होता. वाटेत दोनदा गणवेशधारी कर्मचाऱ्यांना कागद दाखवून त्यांनी खात्री करून घेतली होती. आणि पाणी त्या मनसोक्त प्यायल्या.

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. बडोद्याच्या आपल्या आज्या गुजराती पाट्या वाचून बाजारहाट करीत आल्या, हैदराबादच्या तेलुगू पाट्यांवरून बस ओळखीत आल्या. आमच्या सिल्वासाच्या बाजारात तर एकाच रस्त्यावर तीन लिप्या भेटतात. परक्या अक्षरांतून आपली वाट काढणे हा आपल्या घराघरांतील पिढीजात अभ्यास आहे. तेव्हा मुलांना आमचे सांगणे एवढेच, की आईवडिलांना गरज असेल तर खुर्ची अवश्य मागवा; पण पाय धड असतील, तर निघण्यापूर्वी एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि असा कागद त्यांच्याच हातून लिहवून घ्या.