फडात बर्फ हवा, चोळणे नको



गाळप उरकत आले की आपल्या फलटण भागात यात्रा सुरू होतात. उसाचे फड मोकळे होतात नि कुस्त्यांचे भरतात. ऊसपाहणीसाठी आम्ही गावोगाव हिंडतो तेव्हा लागणीच्या बोलण्यात पोरांच्या कुस्ती-कबड्डीचाही विषय निघतो, आणि एक वाक्य हटकून कानी येते : "गुडघा गेला, म्हणून सोडलं." दुखापत मैदानात होते खरी, पण निम्मे नुकसान त्यानंतर घरी होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याच जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या ऑलिंपिकची त्यांची वाट गुडघ्याच्या दुखापतीनेच अडवली. त्या काळी गुडघ्यात दुर्बीण घालून उपचार करण्याची सोय आपल्याकडे नव्हती. आज पुण्याला आहे, पण आपण तिथे पोचतो ते वर्षभर चोळून झाल्यावर.

पोरगं लंगडत घरी आलं की कढत तेल निघते. कोणीतरी जाणता पाय ओढून 'बसवतो' आणि चार दिवसांनी गडी पुन्हा मातीत. ताज्या दुखापतीत आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. शेकल्या-चोळल्याने रक्त अधिक साचते, सूज वाढते. लेपाशी आमचे भांडण नाही, चोळण्याशी आहे. वाफसा नसताना रानात औत घालायचे नसते हे सभासदांना आम्ही काय सांगावे! सुजलेल्या सांध्याचेही तसेच आहे.

पहिले दोन-तीन दिवस खेळ बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. उघड्या कातडीवर ठेवू नये, कातडी भाजते. वर लवचिक पट्टी बांधावी. बोटे बधिर किंवा निळी पडली तर लगेच सैल करावी. निजताना पाय उशांवर उंच ठेवावा. साधी लचक असेल तर ठणका उतरल्यावर सांधा हळूहळू हलवायला लागावे. महिनाभर खाटेवर पडून राहणेही बरे नाही, मांडी वाळते.

साधी लचक कोणती नि मोठी इजा कोणती, हे ओळखता आले पाहिजे. गुडघ्यात कट् असा आवाज झाला, दोन-तीन तासांत तो टम्म फुगला, चालताना निसटू लागला, तर आतला बंध तुटल्याची दाट शंका घ्यावी. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर आतली गादी फाटलेली असू शकते. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. खांदा निखळला तर फडातच ओढून बसवू नये. हात झोळीत घेऊन दवाखाना गाठावा.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे दुखणे निराळे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचे असते, म्हणून पहाटे डांबरी सडकेवर एकदम जोर लावतात. नडगी दुखू लागली तरी दामटतात. हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून 'इथंच' असे दाखवता येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा पळणे थांबवून डॉक्टरला दाखवावे. सडकेपेक्षा मातीची वाट बरी आणि अंतर थोडे थोडे वाढवलेले बरे.

सर्वांत मोठे भय मानेचे. मानेवर पडलेल्या पैलवानाला चौघे हातापायाला धरून उचलतात नि बाहेर नेतात, हे पाहून आमच्या अंगावर काटा येतो. हातापायाला मुंग्या येत असतील, बळ वाटत नसेल, तर त्याला जागचा हलवू नये. डोके आहे तसे दोन्ही हातांनी स्थिर धरावे, पाणी पाजू नये, १०८ ला फोन करावा. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध गेली किंवा ओकारी आली, तर त्या दिवशी पुन्हा कुस्ती नाही, मग इनाम कितीही असो.

यात्रा कमिट्या इनामे मोठी लावतात, हलगी-फेट्यांत कमी पडत नाहीत, पण आखाड्याकडेला बर्फ नसतो. आमची सूचना अशी की, वर्गणीतून आधी बर्फाची लादी, चार-सहा लवचिक पट्ट्या आणि एक स्ट्रेचर घ्यावे, मग इनामे ठरवावीत. बर्फ भुशात, गोणपाटाखाली झाकला तर शेवटच्या कुस्तीपर्यंत टिकतो.