माफीच्या पुढचे काम

मुलीने मानसशास्त्र घेतले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘हे शिकून करणार काय? वेड्यांचा इलाज?’ ऑस्ट्रेलियातील प्राध्यापिका पॅट डजन यांचे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचे चांगले उत्तर आहे.

डजन या किंबर्ली भागातल्या बार्डी आदिवासी समाजाच्या. आपल्या देशातील पहिल्या आदिवासी मानसशास्त्रज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्या समाजाची जखम खोल होती. विसाव्या शतकात कित्येक दशके सरकारी धोरणाने आदिवासी मुले आईवडिलांपासून हिरावून संस्थांत आणि गोऱ्या घरांत ठेवली गेली. या उंटांच्या देशात अफगाणिस्तान आणि ब्रिटिश हिंदुस्थानातून गेलेल्या मुस्लिम उंटवाल्यांनीही आदिवासी स्त्रियांशी संसार थाटले होते. म्हणून हे दुःख आपल्यालाही अगदी परके नाही.

अशा आईला ‘झोप लागते का?’ एवढेच विचारून भागत नाही. डजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वास्थ्याची वेगळी मांडणी केली. शरीर, मन, कुटुंब, बिरादरी, संस्कृती, भूमी आणि पूर्वजांशी असलेले रूहानी नाते, अशा सात धाग्यांनी माणूस सावरतो. धागा तुटला असेल तर तो समाजातच, समाजाच्या हातांनी जोडावा लागतो.

१३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. २०१६ मध्ये तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही माफी मागितली. आदिवासींची संस्कृती समजून न घेता त्यांना आपल्या चाचण्यांनी मोजले, हे तिने कबूल केले. पण २०२३ च्या सार्वमतात आदिवासींना राज्यघटनेत सल्लागार आवाज देण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. माफी झाली, समेट अजून बाकी आहे.

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. हुकूकुल इबाद म्हणजे बंद्यांचे हक्क. एखाद्याचा हक्क मारला तर नुसती तौबा पुरत नाही. हक्क परत करावा लागतो, त्या माणसाचे मन राजी करावे लागते. भावाभावांतला जमिनीचा तंटा असो की बहिणीचा बुडवलेला वारसा, ‘झाले गेले विसरा’ म्हणण्याचा अधिकार ज्याने घेतले त्याचा नसतो.

तेव्हा लेक मानसशास्त्र शिकत असेल तर शिकू द्या. दुखावलेल्यांचे ऐकून घेणारी माणसे प्रत्येक मोहल्ल्याला हवी आहेत.