नाव कोणी ठेवले?



आमच्या तासगावला बेदाणा निवडायला बसलेल्या बायकांच्या एकमेकींना मारलेल्या हाका ऐका. मंगल, शेवंता, सुरेखा, आणि त्यांच्यातच मरियम, सारा, हन्ना. ही शेवटची तीन नावे मूळची हिब्रू. कोणाच्या घरात ती अरबीतून आली, कोणाच्या घरात बायबलमधून. कोकणातल्या बेने इस्रायलींनी तर अशी नावे मराठीत पार मुरवली. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे शमुवेल इझिकेल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जात. तेव्हा ही नावे परकी, असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

सारा म्हणजे राजकन्या, हन्ना म्हणजे कृपा. दबोरा म्हणजे मधमाशी, आणि बायबलमधली दबोरा लोकांचे न्यायनिवाडे करीत असे. पण अर्थापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : नाव ठेवण्याचा हक्क कोणाचा?

या जुन्या कथांत पुष्कळदा आई नाव ठेवते. शमुवेलचे नाव हन्नानेच ठेवले. राहेल बाळंतपणात मरता मरता मुलाला बेनओनी म्हणते, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. बाप ते बदलून बन्यामीन करतो, म्हणजे उजव्या हाताचा मुलगा. जगात चालले ते बापाचे नाव.

नामीची कथा निराळी. नामी म्हणजे रम्य. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून ती बेथलेहेमला परतते आणि गावातल्या बायकांना बजावते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. पुढे तिची सून रूथ हिला मुलगा होतो, तेव्हा त्याचे नाव शेजारणी ठेवतात! पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, १९२२ साली मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरासाठी कष्ट घेतले. एका बाईने मूळ भाषेतून या बायका आपल्यापर्यंत आणल्या.

आणि आपल्याकडे? बारशाला कानात कुर्रर्र करते आत्या, पण नाव बहुधा आधीच ठरलेले असते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि वीस-बावीस वर्षांची ओळख एका दुपारी पुसली जाते. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीला तर 'नकुशी' म्हणून मोकळे होतात. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे मिळाली. काहींनी ती स्वतः निवडली. मला मोल वाटते ते या निवडीचे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहायचे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. चांगले झाले. पण त्या रकान्यात आईचे कोणते नाव पडणार? तिचे, की सासरने दिलेले? लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. ज्या बाईला आपखुशीने बदलायचे असेल तिने जरूर बदलावे. नामीनेही बदललेच की. पण तिने ते स्वतः बदलले.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एवढे सांगावे : माझे नाव कोणी ठेवले, कोणी बदलले, आणि बदलताना मला कोणी विचारले का? शेवटच्या प्रश्नाला किती जणी 'हो' म्हणतात, ते मोजून आम्हाला कळवा.