बाहेर पडा, हे कोणी सांगायचे?

श्वसनविकारांवरच्या या विशेषांकाच्या संपादकीयासाठी जुना वाटेल असा विषय निवडला आहे: कोविडच्या साथीत दमेकऱ्यांवर आलेली बंधने आणि ती सैल करण्याची पद्धत. निवडण्याचे कारण आपल्या ओपीडीतच आहे. २०२० मध्ये घरात बसलेले काही दमेकरी अजून पुरते बाहेर आलेलेच नाहीत. सकाळचे फिरणे सुटले ते सुटलेच. लग्नकार्याला जाणे टाळायची सवय झाली. मुलाचे मैदान बंद झाले ते बंदच राहिले. यातल्या बहुतेकांना घरात बसा असे कोणी लेखी दिले नव्हते, त्यामुळे आता बाहेर पडा असेही त्यांना कोणी सांगितले नाही.

ब्रिटनमध्ये हे सगळे लेखी झाले, म्हणून तिथला अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. मार्च २०२० च्या अखेरीस तिथल्या एनएचएसने अतिजोखमीच्या रुग्णांना पत्रे धाडायला सुरुवात केली. बारा आठवडे घराबाहेर पडू नका, किराणा आणायलाही नाही, घरातल्या माणसांपासूनही शक्य तेवढे दूर राहा, असा त्यातला मजकूर. याला तिथे ‘शिल्डिंग’ म्हणत. सुरुवातीला १५ लाख लोक धरले होते. पुढे एकट्या इंग्लंडची यादी २२ लाखांवर गेली. अवयव प्रत्यारोपण झालेले, काही कर्करोगांचे उपचार चालू असलेले, सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण यांच्या बरोबरीने त्यात तीव्र दम्याचे रुग्ण होते. सगळे दमेकरी मात्र नव्हते. त्या देशात दम्याचा उपचार घेणारे ५० लाखांच्या पुढे आहेत. यादीत यायचे ते बायोलॉजिक इंजेक्शनांवर असलेले, तोंडावाटे स्टेरॉईड रोज किंवा वारंवार लागणारे, इनहेलरची मात्रा वाढवूनही दमा आटोक्यात न येणारे.

बंधने उतरवली ती तारखांनी. १ जून २०२० पासून दिवसातून एकदा बाहेर जाण्याची मुभा मिळाली, तीही जेमतेम दोन दिवस आधी जाहीर करून. ६ जुलैपासून उघड्यावर सहा जणांपर्यंत भेटता येऊ लागले. १ ऑगस्टला इंग्लंडमधले शिल्डिंग थांबले, आणि त्याच सुमारास घरपोच किराणा व शिल्डिंगच्या आधारावर मिळणारा आजारपणाचा भत्ताही थांबला. लेस्टरमध्ये संसर्ग जास्त असल्याने तिथे ते लांबवले गेले. जानेवारी २०२१ मध्ये सल्ला परत आला, १ एप्रिलला पुन्हा गेला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये यादीच बंद झाली.

संसर्गाचा आलेख उतरला तशी बंधने उतरवली, यात गैर काही नाही. पण ही तारीख रोगाच्या प्रसारावरून ठरली होती. ज्या रुग्णाला पत्र गेले त्याचा दमा मार्चमध्ये कसा होता आणि ऑगस्टमध्ये कसा आहे, हे त्या तारखेला माहीत असणे शक्य नव्हते. ते पाहणे हे डॉक्टरचे काम होते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत दवाखान्यातल्या प्रत्यक्ष तपासण्या रोडावल्या होत्या. हवेतून कण पसरतील या धास्तीने स्पायरोमेट्री जवळपास बंद होती. रुग्ण फोनवर, आणि इनहेलर तो कसा ओढतो ते कोणी पाहत नव्हते.

तोपर्यंत पुरावाही हाती आला होता. इंग्लंडमधल्या १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर झालेला ओपनसेफली अभ्यास जुलै २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडे तोंडावाटे स्टेरॉईड न लागलेल्या दमेकऱ्यांमध्ये कोविडने मृत्यू येण्याची जोखीम, इतर घटक जमेस धरल्यावर, दमा नसलेल्यांइतकीच निघाली. ज्यांना स्टेरॉईड लागले होते त्यांच्यात ती सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होती. त्याच अभ्यासात अनियंत्रित मधुमेहाची जोखीम जवळजवळ दुप्पट आहे, हे शेजारी ठेवून पाहावे. या आकड्यांना एक मर्यादा आहे. तीव्र दम्याचे अनेक रुग्ण त्या काळात घरातच होते, त्यामुळे त्यांची खरी जोखीम थोडी झाकली गेली असेल. पण पुढे एडिनबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या नोंदी तपासल्या तेव्हाही दिशा तीच दिसली: आधीच्या दोन वर्षांत तोंडावाटे स्टेरॉईडचे दोन किंवा अधिक कोर्स झालेले, किंवा दम्यासाठी रुग्णालयात राहून आलेले, यांना धोका वाढलेला. मुलांमध्येही तसेच. जोखीम ओळखायची खूण फाइलवर लिहिलेल्या रोगाच्या नावात सापडत नाही. गेल्या एक-दोन वर्षांत काय घडले, त्यात ती सापडते.

आपल्याकडचा सरकारी निकषही, उशिरा का होईना, याच वाटेने गेला. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातल्या सहव्याधीग्रस्तांना लस द्यायची ठरली, तेव्हा २० व्याधींच्या यादीत श्वसनविकारासाठी अट होती ती गेल्या दोन वर्षांत रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याची, किंवा एफईव्ही-१ निम्म्याहून खाली असल्याची. प्रमाणपत्र नोंदणीकृत डॉक्टरने द्यायचे होते. त्या महिन्यात आपल्यापैकी अनेकांनी आपले दमेकरी पहिल्यांदाच असे वेगळे काढून पाहिले. महिनाभरात ४५ वरच्या सर्वांना लस खुली झाली, प्रमाणपत्राची गरज सरली, आणि ते वेगळे काढणेही तिथेच थांबले. मला याची फार हळहळ वाटते. ती यादी ठेवली असती तर ती दर पावसाळ्यात कामाची होती.

घरात बसण्याने दमेकऱ्याचे काय झाले, याचे उत्तर एकेरी नाही. २०२० च्या टाळेबंदीत स्कॉटलंड आणि वेल्समध्ये दम्यासाठी तातडीने दाखल होणारे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. शाळा बंद, मास्क तोंडावर, रस्त्यावर गाड्या कमी. सर्दीचे साधे विषाणूच फिरेनासे झाले, आणि दम्याचे बहुतेक झटके त्यांच्यामुळेच येतात. शिवाय भीतीपोटी पुष्कळांनी रोजचा स्टेरॉईड इनहेलर नियमित घ्यायला सुरुवात केली, हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग. दुसरीकडे वेल्समध्ये शिल्डिंगच्या यादीतल्या लाखाहून अधिक लोकांची इतरांशी तुलना झाली, तेव्हा नोंदलेला संसर्ग त्यांच्यात कमी आढळला नाही. ते मुळातच अधिक आजारी होते, त्यांच्या चाचण्या अधिक झाल्या, रुग्णालयातही त्यांना जावे लागले, हे खरे. तरीही एवढ्या कडक बंधनाचा लाभ ठळकपणे दिसू नये, ही विचार करायला लावणारी गोष्ट आहे. मनावर झालेला परिणाम मात्र स्पष्ट होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीत शिल्डिंगमधल्या सुमारे एक तृतीयांश लोकांनी मनःस्वास्थ्य बिघडल्याचे सांगितले.

आता बंधने उठतानाचा धोका. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने दोन हजारांहून अधिक दमेकऱ्यांचा पाठपुरावा केला. एप्रिल २०२१ मध्ये, निर्बंध होते तेव्हा, मागच्या महिन्यात तीव्र झटका आला असे सांगणारे १.७ टक्के होते. जानेवारी २०२२ मध्ये ते ३.७ टक्के झाले. मास्क उतरले, भेटीगाठी वाढल्या, आणि झटके दुपटीवर गेले. यात कोविडइतकाच वाटा इतर साध्या श्वसनसंसर्गांचाही होता. म्हणजे दमेकऱ्याला मोकळे सोडताना पहिला प्रश्न असा विचारायला हवा की परतणाऱ्या सर्दीसाठी याची श्वासनलिका तयार आहे का. रोजचा इनहेलर चालू आहे का, की बरे वाटते म्हणून चार महिन्यांपूर्वी बंद केला? ब्रिटनमधल्या दम्याच्या मृत्यूंचा २०१४ चा राष्ट्रीय आढावा आपण सर्वांनी वाचायला हवा. नोंद उपलब्ध असलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्क्यांना मृत्यूपूर्वीच्या वर्षात तात्पुरत्या आरामाचे बारापेक्षा अधिक इनहेलर लिहून दिलेले होते, आणि मृतांपैकी ४३ टक्क्यांची वर्षभरात दवाखान्यात दम्याची तपासणीच झालेली नव्हती. ही साथीच्या आधीची गोष्ट आहे.

महाराष्ट्रात दमेकऱ्यांची यादी झाली नाही. मे २०२० पासून केंद्राच्या आदेशांत ६५ वर्षांवरचे, सहव्याधी असलेले, गरोदर स्त्रिया आणि दहा वर्षांखालची मुले यांनी घरी राहावे असे होते. सप्टेंबर २०२० मधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर जाऊन सहव्याधी विचारल्या गेल्या. दमा सौम्य की तीव्र, हे त्या भेटीत कसे कळावे? बाकी बंधन घरच्यांनीच घातले: सुनेने, मुलाने, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटाने. घरही निर्धोक नव्हते. पावसाळ्यातली भिंतींची ओल, फोडणीचा ठसका, उदबत्ती, डासांची कॉइल, आणि जिन्यात दोन वेळा फवारलेले हायपोक्लोराइट. दिवसभर आत बसलेल्या दमेकऱ्याची धाप वाढली की घरच्यांना वाटे, बाहेर गेला असता तर आणखी वाढली असती.

आदेश मागे घेतले गेले, पण सुनेने घातलेले बंधन मागे घ्यायला आदेश पुरत नाही. ते काम फॅमिली डॉक्टरचेच आहे. ‘जपून राहा’ हे आपण फार सहज म्हणतो. प्रेडनिसोलोन लिहिताना मात्रा किती, किती दिवस, कशी उतरवायची हे आपण चिठ्ठीवर लिहितो, आणि न लिहिणाऱ्याला बेजबाबदार म्हणतो. घरात बसण्याचा सल्लाही तसाच लिहून द्यायला हवा. कशासाठी, कधीपर्यंत, आणि पुन्हा तपासायला कोणत्या तारखेला.

ही तपासणी अवघड नाही. मागच्या दोन वर्षांत स्टेरॉईडचे किती कोर्स झाले, कधी ॲडमिट व्हावे लागले का, एवढे विचारले तरी जपायचे कोणाला आणि मोकळे सोडायचे कोणाला हे बव्हंशी कळते. मग समोर इनहेलर ओढायला लावावा, स्पेसर नसेल तर द्यावा. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत घरात कोणाची आहे हे शोधून त्या माणसालाच पुढच्या वेळी बोलवावे. नुसता सालब्युटामॉल चालू असेल तर ‘जीना’च्या (GINA) जागतिक दमा-मार्गदर्शिकेने २०१९ मध्येच तो एकटा देऊ नये असे सांगितले आहे, हे लक्षात घेऊन चिठ्ठी बदलावी. झटका आला तर काय करायचे ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. आणि मग स्पष्ट शब्दांत सांगावे: फिरायला जा, लग्नाला जा, गर्दीत मास्क घाला. ज्यांची जोखीम खरोखर मोठी आहे त्यांनाही सरसकट घर सांगू नये. लस, मास्क, गर्दीच्या वेळा टाळणे आणि ताप-खोकला येताच त्याच दिवशी फोन, असे नेमके सांगता येते.

मुलांच्या बाबतीत घाई करायला हवी. जुलै २०२० मध्येच इंग्लंडच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने जाहीर केले होते की शिल्डिंगमधल्या बहुतेक मुलांना पुन्हा तशी गरज पडणार नाही. मात्र प्रत्येकाचे नाव त्याच्या डॉक्टरशी बोलून मगच काढायचे. आपल्याकडे शाळा उघडल्यावर ‘याला खेळाच्या तासातून सूट द्यावी’ अशी कितीतरी पत्रे दवाखान्यांतून गेली. त्यांवर मुदत नव्हती, आणि काही शाळांत ती अजून चालतात. धावताना धाप लागणाऱ्या मुलाचा दमा आटोक्यात आणावा लागतो. तो आला की ते मूल कबड्डी खेळू शकते. जूनमध्ये वर्ग भरण्यापूर्वी या मुलांना बोलवा, तपासा, आणि खेळाच्या शिक्षकांच्या नावे नवे पत्र द्या: मूल खेळेल, इनहेलर दप्तरात असेल, धाप लागली तर असे करा. जुने पत्र रद्द समजावे, हेही त्यात लिहा.