चंद्र आणि वऱ्हाडचा हिशेब
‘वऱ्हाडात शेतकरी आत्महत्या करीत असताना चंद्रावर जाण्याचे हे चोचले कशासाठी?’ हा प्रश्न आमचे पुरोगामी विचारवंत न चुकता विचारतात. त्यांनी एकदा हिशेब मांडावाच. २००८ च्या चंद्रयान-१ चा खर्च ३८६ कोटी रुपये. त्याआधी, २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोल्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना दिलेले पॅकेज ३,७५० कोटींचे; म्हणजे जवळजवळ दहापट! तरीही आत्महत्या थांबल्या नाहीत. मग शेतकऱ्याच्या तोंडचा घास चंद्राने पळविला, की भूतलावरील अनास्थेने? २०२३ मध्ये चंद्रयान-३ ने ४० दिवसांत चंद्र गाठला. धरणातले पाणी मात्र कित्येक शेतांपर्यंत पोहोचत नाही. जाब विचारायचाच, तर तो शास्त्रज्ञांना नव्हे. पाटाचे पाणी अडविणाऱ्या कारभाराला विचारा!