आगीचा कागद वर्षातून दोनदा लागतो. खासगी शाळांत तो बघतो कोण?

दिंडोरी : खासगी शाळेच्या इमारतीची आगीची तपासणी वर्षाकाठी एकदा होते, असं अनेक पालक धरून चालतात. कायदा त्याहून कडक आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची, म्हणजे इथं संस्थाचालकाची. यंत्रणा चांगल्या स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, ते दरवर्षी जानेवारी आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. म्हणजे वर्षातून दोनदा.

गोम इथंच आहे. हे प्रमाणपत्र देणारी एजन्सी शाळाच ठरवते आणि पैसेही शाळाच देते. सिलिंडर बसवणारा आणि तो ठीक आहे म्हणून लिहून देणारा बऱ्याचदा एकच. नोटीस देणं, धोका दिसला तर इमारत रिकामी करणं, वीज-पाणी तोडणं, हे अधिकार अग्निशमन यंत्रणेला आहेत. पण त्यासाठी कुणीतरी जिना चढून वर्गापर्यंत जायला पाहिजे. महापालिका हद्दीत त्यासाठी वेगळा अग्निशमन विभाग असतो. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेला तसा विभाग दारात नाही. मग कागद फाईलला लागला की काम झालं.

शिक्षण खात्याच्या बाजूनंही फट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण हे सगळं आहे. आग विझवायच्या साधनांचा वेगळा उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयानं मात्र १३ एप्रिल २००९ च्या निकालात स्पष्ट सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. मान्यता देण्याआधी इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे सुरक्षित आहे याची खात्री सरकारनं करावी, शाळेत आग विझवायची साधनं असावीत आणि शिक्षकांना ती वापरता यावीत, असे आदेश दिले.

त्या निकालामागं तमिळनाडूतल्या कुंभकोणमची आग होती. १६ जुलै २००४ ला स्वयंपाकघरातली ठिणगी झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ लेकरं गेली. एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. त्याआधी २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या बक्षीस समारंभात मांडव पेटला, चारशेवर जीव गेले. २४ मे २०१९ ला सुरतेत वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुलं गेली, काहींनी खिडकीतून उड्या टाकल्या. राज्यंही वेगळी, सालंही वेगळी. पण आग पसरली वेगानं आणि बाहेर पडायची वाट पुरली नाही, हे तिन्हीकडं सारखंच.

दिंडोरीला हा विषय जास्त लागू पडतो तो अंतरामुळं. नाशिक ते दिंडोरी साधारण २५ किलोमीटर. नाशिकहून बंब ताशी साठच्या वेगानं, कुठंही न अडकता आला तरी पंचवीस मिनिटं गेली. वणी, ननाशी तर त्याहून लांब. धुरानं भरलेल्या वर्गात पोरांकडं एवढा वेळ नसतो. म्हणजे पहिली पाच-सात मिनिटं शाळेनं स्वतःच निभवायची. डावणी पानावर दिसल्यावर धावाधाव करून घड वाचत नाहीत, फवारणी आधीच लागते. आगीचंही तसंच.

खर्चाचा मुद्दा संस्थाचालक मांडतात, तो अगदीच खोटा नाही. कमी फीच्या, भाड्याच्या इमारतीतल्या शाळेला मोठी यंत्रणा जड जाते. पण जिन्याखालची मोडकी बाकं हलवायला, शाळा भरलेली असताना सरकत्या गेटचं कुलूप काढून ठेवायला, पोषण आहाराचा गॅस वर्गापासून लांब ठेवायला, लोंबकळणारी वायर बदलायला लाखो रुपये लागत नाहीत. वर्षातून दोन वेळा घंटा वाजवून सगळ्या पोरांना मैदानात काढायचा सराव तर फुकटच होतो.

पालकांनीही पालक सभेत गणवेश आणि बसभाड्याबरोबर चार गोष्टी विचाराव्यात. जुलैचा फॉर्म बी दिला का, त्याची पोच दाखवा. सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि तो शेवटचा कधी भरला? वरच्या मजल्याला दुसरा जिना आहे का? सिलिंडरची पिन काढून तो चालवता येणारे शिक्षक किती?

तालुका पातळीवर काम अवघड नाही. गटशिक्षणाधिकारी कार्यालयानं कोणत्या शाळेनं प्रमाणपत्र दिलं आणि कोणत्या नाही, याची यादी वर्षातून दोनदा पंचायत समितीच्या फलकावर लावली तरी निम्मं काम होईल. यादीत आपल्या शाळेपुढं रिकामी जागा दिसली की पालक विचारतील आणि संस्थेला उत्तर द्यावं लागेल. तपासणी कागदावरून वर्गात आणायचा हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे.