हस्तलिखिताचा पहिला वाचक

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं एखादी लिहून भरलेली वही कपाटांत पडून असते. मग त्या आजोबांच्या आठवणी असोत वा सूनबाईंची कादंबरी. ती हातीं येतांच घरांतील विद्वान मंडळी प्रथम पेन्सिल घेऊन ऱ्हस्वदीर्घ तपासूं लागतात. शुद्धलेखनाचा अभिमान शाळामास्तरास नसावा, तर कोणास? तथापि ग्रंथाच्या संस्कारांत त्याचा क्रम शेवटचा आहे. कथा कोठून आरंभावी, कोणाच्या मुखानें सांगावी, कोणतें प्रकरण निष्कारण लांबलें व कोणता दुवा राहून गेला, याचा विचार आधीं व्हावयास पाहिजे. जी भिंत पाडावयाची, तिला रंग देऊन काय उपयोग?

अशा रचनाविषयक संपादनाचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील आहे. १९५७ सालीं हार्पर ली या नवोदित लेखिकेनें लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे एक कादंबरी दिली. न्यूयॉर्कहून गांवीं आलेल्या तरुण मुलीस आपल्या पूज्य वडिलांचीं कृष्णवर्णीयांविषयींचीं मतें कळून धक्का बसतो, असें तिचें कथानक होतें. टे होहॉफ या संपादिकेस लेखणींतील तेज जाणवलें. परंतु पुस्तक एकजीव नसून ती प्रसंगांची नुसती माळ आहे, असें तिला दिसलें. नायिकेच्या बालपणींच्या आठवणी मात्र जिवंत होत्या. पुढें दोघींच्या विचारविनिमयांतून लेखिकेनें सुमारें दोन वर्षें पुनःपुन्हां लेखन केलें, आणि १९६० सालीं लहान मुलीच्या दृष्टींतून सांगितलेली ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाली. १९६१ सालीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें.

मूळचा खर्डा २०१५ सालीं ‘गो सेट अ वॉचमन’ या नांवानें छापला गेला. त्यामुळें दोन्ही कृती आतां ताडून पाहतां येतात. पहिलींतील सदोष पिता दुसरींत न्यायाचा आदर्श झाला आहे. रचना बदलली, तसा ग्रंथाचा आशयही बदलला. म्हणूनच संपादकाचें काम जोखमीचें आहे. त्यानें उणीव दाखवावी, प्रश्न विचारावा. उत्तर मात्र लेखकानेंच लिहावें.

तेव्हां वाचकहो, घरांतील वही हातीं आली, तर पेन्सिल बाजूस ठेवून ती एकदां अथपासून इतिपर्यंत वाचा. मन कोठें रमलें, कोठें कंटाळलें व काय उमगलें नाहीं, एवढें लिहिणाऱ्यास प्रांजळपणें सांगा. वाक्यें आपण बदलूं नका. आजोबांच्या आठवणींत आपली भाषा शिरली, तर त्या आजोबांच्या राहणार नाहींत.